शेजारच्या क्युबिकलमधली जोडगोळी

२००२ साली, मंदीत, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारामधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात दर शुक्रवारी कोणाची ना कोणाची नोकरी जायची आणि तो सामानाचं खोकं घेऊन बाहेर पडायचा. सुरुवातीला आम्ही दारापर्यंत सोडायला जायचो. पुढे पुढे मान वर करेनासे झालो.

माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक जोडगोळी बसायची. तो इंग्लंडचा, पन्नाशीचा, बोलघेवडा. ती चीनमधून आलेली, तिशीची, फोन वाजला की दचकणारी. कोड सगळा ती लिहायची. ग्राहकांचे फोन, ईमेल, रिपोर्ट तो सांभाळायचा. मीटिंगमध्ये बोलताना तो चुकला, तर ती टेबलावर पेन्सिल एकदा टेकवायची आणि तो तोंडातलं वाक्य तिथल्या तिथे फिरवायचा. बॉसला कधी पत्ता लागला नाही. ही दोघं एकमेकांची लंगडी बाजू झाकतात, असं मी मनातल्या मनात म्हणायचो. खरं तर मला हेवा वाटायचा. माझी झाकायला कोणी नव्हतं.

एका सोमवारी बॉसने मला आत बोलावून दार लावून घेतलं.

"तू शेजारी बसतोस, तुला माहीत असणार. त्या दोघांपैकी एकालाच ठेवायचं म्हटलं तर कोण?"

माझा व्हिसा कंपनीच्या जिवावर होता. नोकरी गेली की फ्रीमाँटचं घर, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला परत. बायको रोज बजावायची, "अरे, ग्रीन कार्ड फाइल झालंय ना यार, आता कुणाच्या मध्ये पडू नकोस." मी मध्ये पडलो नाही. फक्त खरं ते सांगितलं. तो कोड लिहीत नाही, ती फोन घेत नाही, एकटं कोणीच कामाचं नाही.

"मग दोघांचं काम तू करशील?"

"करीन," मी म्हटलं. बाहेर येऊन डबा खाल्ला. पोळी-भाजी संपवली, ताकही प्यालो.

दोघांनाही काढलं. पण काम मला समजावून द्यायला आणखी तीन दिवस थांबवलं. ती माझ्या डावीकडे, तो उजवीकडे. ती कोड दाखवायची, तो सोपं करून सांगायचा, मी लिहून घ्यायचो. कुठला ग्राहक चिडका, कुठल्या फाइलला चुकूनही हात लावायचा नाही, काही म्हणजे काही हातचं राखलं नाही त्यांनी. तिलाही व्हिसामुळे देश सोडावा लागणार होता. मला ते कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसा मी सगळाच बधिर झालो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. मी विचारलं, "माझ्यासाठी एवढं का केलंत?"

"बॉसने आधीच्या आठवड्यात आम्हालाही बोलावलं होतं," तो म्हणाला. "वेगवेगळं. तुझ्याबद्दल विचारत होता, तुला काढलं तर भागेल का म्हणून."

"आम्ही आपापसात काही ठरवलं नव्हतं," ती म्हणाली. "पण दोघांनीही सांगितलं, नाही भागणार. तूही आमच्याबद्दल तसंच सांगितलं असशील. त्याने ऐकलं नसेल."

"हो," मी म्हणालो, आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.