अकरा साक्षीदार आणि दोन टाके

धोंडूबुवांचा राग नाकावर असतो, हे डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत कुणाला सांगावं लागत नाही. भजन चालू असताना कुणाचा मोबाईल वाजला तर बुवा पेटी थांबवतात आणि त्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघत बसतात. वय बहात्तर. गिरणी होती तोवर गिरणीत, ती बंद पडल्यावर लोअर परळच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन, आणि या सगळ्यात पंचेचाळीस वर्षं आमच्या भजन मंडळाचे बुवा. माणूस फटकळ, पण त्यांना खोटं बोलताना कुणी ऐकलेलं नाही. मी सुमेधा, पहिल्या मजल्यावरची निवृत्त मास्तरीण. बुवांवर मारहाणीची केस झाली, ती आणखी बिघडवण्यात माझा मोठा वाटा होता, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

झालं असं, की जुलैत गणपतीच्या भजनांची तालीम होती. आमचा पखवाजवाला विकास. आठ वर्षांचा असताना बुवांनी त्याला समोर बसवून पखवाजाचे बोल शिकवले, तेव्हापासून गेली वीस वर्षं तो बुवांच्या डाव्या हाताला बसतो. त्या दिवशी पठ्ठ्या पखवाज घरी ठेवून काळा इलेक्ट्रिक पॅड घेऊन आला. बटण दाबलं की ताल आपोआप चालू.

"ह्या काय हाडलंस?" बुवांनी विचारलं.

"बुवा, आता सगळीकडे हेच चालतं. टेन्शन नाय."

बुवा उठले आणि त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं. विकासचा तोल गेला, पेटीच्या लाकडी खोक्यावर तो आपटला आणि कपाळाला खोक पडली. दोन टाके. दवाखान्यातून तो सरळ पोलिसांत गेला. बुवांनीही त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं, "आता केस सुटापर्यंत मी पेटयेक हात लावचंय नाय. आरोपी माणसान देवाम्होरं बसाचा कसा?"

गणपती आले. मंडळाने स्पीकरवर रेकॉर्ड लावली. बुवा खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. दहा दिवस ते तसे पडलेले बघून मला खरंच रडू आलं. हा माणूस पुन्हा गाणारच नाही, अशी भीती तेव्हा पहिल्यांदा वाटली.

ऑक्टोबरात कोर्टाचा कागद आला. बुवांच्या बायकोने, गंगुबाईंनी, कपाळाला हात लावला. "शहाण्यान कोर्टाची पायरी चढू नये म्हणतत. आमच्या ह्यांका म्हातारपणी चढूची इली!"

वकील हवा, यावर चाळीचं एकमत झालं. कोणता, यावर मात्र दर खोलीचं वेगळं मत. बुवांच्या मुलाने, राजेशने, मोबाईलवर चांगले शेरे असलेला एक गाठला. त्याने फोनवरच सल्ला दिला, की वडिलांना आधी हॉस्पिटलात अ‍ॅडमिट करा, छातीत दुखतंय म्हणून सांगा. बुवा कडाडले, "छातीत दुखाक माका झालाहा काय?" तो वकील तिथेच संपला. मग मी माझ्या विद्यार्थिनीचं नाव काढलं. नूपुर. ठाकूरद्वारला ऑफिस, फौजदारी कामंच करते. शाळेत वादविवादात ती मलाही गप्प करायची, हीच तिची माझ्या लेखी मोठी पदवी.

इथवर मी शहाण्यासारखी वागले. पुढे मात्र करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तीस वर्षं पोरांकडून उत्तरं पाठ करून घेतलेली मी. वाटलं, साक्षीदार नीट तयार करून न्यावेत. एका कागदावर आठ ओळींची साक्ष लिहिली. त्या वेळी आम्ही नळावर पाणी भरत होतो, विकासचा पाय सतरंजीत अडकला आणि तो आपोआप पडला. बुवांना न सांगता मंडळाच्या माणसांना जमवलं. कोरसवाले ते, एका रात्रीत अख्खा अभंग पाठ करणारे. तासाभरात माझी साक्ष घडाघडा म्हणू लागले. मला तर अभिमानच वाटला.

आमच्या चाळीत दवाखान्यात, स्मशानात आणि पोलिसांत कुणी एकटं जात नाही. त्यामुळे ठाकूरद्वारला बुवा, गंगुबाई आणि माझ्यासकट अकरा साक्षीदार असे तेरा जण पोचलो. नूपुरच्या ऑफिसात खुर्च्या तीन. बाकीचे जिन्यात उभे.

"बाई, वरात आणलीत की काय?" ती हसून म्हणाली आणि एकेकाला आत बोलवायला लागली. पाच जण झाल्यावर ती स्वतःच जिन्यात आली.

"तुमच्या मजल्यावर नळ किती?"

"एक," आम्ही सगळे म्हणालो.

"त्या एका नळावर अकरा माणसं पाणी भरत होती? तालीम चालू असताना? आणि पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे?"

पाणी पहाटे पाचला येतं. तालीम संध्याकाळची होती. हे आठ ओळी लिहिताना माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि पाठ करणाऱ्या दहा जणांच्याही नाही.

"हे उत्तर कुणी लिहिलंय ते मला अक्षर न बघताही कळलं," नूपुर म्हणाली. माझ्याकडे बघून, पण प्रेमाने. "बाई, खोटी साक्ष हा वेगळा गुन्हा आहे. आत्ता एक आरोपी आहे, तुम्ही बारा करायला निघालात. आजोबा, तुम्ही सांगा. ढकललंत?"

बुवा आमच्या सगळ्यांकडे असे बघत होते, की मोबाईल वाजलेला बरा. "होय. मीच ढकललंय त्याका. माका खोटा बोलूक जमणा नाय."

"छान. माझं निम्मं काम झालं. घाबरू नका, लगेच तुरुंगात कुणी नेत नाही. केस लढता येईल. पण ज्याला लागलं तोच तयार असेल तर हे लोकअदालतीत मिटूही शकतं. मला एवढंच सांगा, त्याला टाके पडले तेव्हा त्याला बघायला कोण गेलं होतं?"

विकास आमच्याच मजल्यावर, चौदा नंबरच्या खोलीत राहतो. तीन महिने झाले होते. साक्ष पाठ करायला अकरा जण जमले, पण त्या पोराचं कपाळ बघायला एकही गेला नव्हता. मला इतकी लाज वाटली, की मी जिन्याच्या पायऱ्या मोजत राहिले.

त्या संध्याकाळी बुवा चौदा नंबरच्या दाराशी एकटेच गेले. चाळीच्या नियमाप्रमाणे आम्ही गॅलरीत कान लावून उभे होतोच.

"दुखता काय रे, झिला?"

"आता काय दुखतंय, बुवा? तीन महिने झाले." मग विकासचा आवाज फुटला. "आई रोज दार उघडं ठेवायची. म्हणायची, बुवा येतील. तुम्ही आला असता ना, तर मी दुसऱ्या दिवशीच तक्रार मागे घेतली असती."

"येवक होया होता," बुवा म्हणाले. "चुकलंय."

डिसेंबरच्या लोकअदालतीत दोघं एका बाकावर बसले. नूपुरने दोघांना काय बोलायचं ते आधी सांगितलं नाही, फक्त खरं बोला म्हणाली. पंधरा मिनिटांत तडजोड झाली. बाहेर आल्यावर बुवांनी तिला विचारलं, "तुझा गाव खयचा?" ती म्हणाली, गिरगाव. बुवांनी ते कसंबसं चालवून घेतलं आणि तिला सव्वीस जानेवारीचं आमंत्रण दिलं.

सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. सहा महिन्यांनी बुवा पेटीपुढे बसले. डाव्या हाताला विकास. पखवाज मांडीवर, आणि पॅडही शेजारी, कारण शेवटच्या गजराला तो वाजवायची परवानगी बुवांनी दिली होती, तोंड वाकडं करूनच. समोर अख्खी चाळ, पहिल्या रांगेत नूपुर. भजन सुरू करण्याआधी बुवा माईकवरून साथीदारांची ओळख करून देतात. टाळ, झांज, कोरस झाले. मग पखवाज. बुवा थांबले. विकासच्या कपाळावरच्या बारीक पांढऱ्या खुणेकडे बघितलं आणि बोलण्याऐवजी सूर लावून गायलेच,

"चूक माझी रे विकासा, चूक माझी..."

आमचा कोरस तो. बुवांनी ओळ म्हटली, की उचलायची, एवढंच त्यांना पंचेचाळीस वर्षं ठाऊक. दहाही गळ्यांनी एका सुरात ती उचलली, "चूक माझी रे विकासा, चूक माझी!" आणि अर्ध्यावर एकेकाला कळत गेलं, की आपण काय म्हणतोय. तरी कुणी थांबलं नाही. मी कोरसात नसते, मला सूर नाही. पण त्या दिवशी बायकांच्या रांगेतून मीही ती ओळ मोठ्याने म्हटली.