नेता येण्याजोगी फुलं

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो तेव्हा आमच्या यांनी बागेसाठी एकच नियम घालून दिला: फक्त कंद लावायचे. निशिगंध, ग्लॅडिओलस, लिली. पुण्याला बदली झाली की उकरायचे, गोणपाटात भरायचे आणि निघायचं. ती बदली काही झाली नाही. क्वार्टर बदलत गेले, कंद आमच्याबरोबर फिरले, आणि निवृत्तीनंतर नोएडात तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. तोही तात्पुरता.

मला पुणं चाललं असतं, दिल्लीही चालली असती. चालत नव्हतं ते हे निघायच्या तयारीत बसून राहणं. चांगले पडदे पुण्यासाठी ठेवलेले. भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत. शेजारणीशी फार घसट नको, पुढे जड जातं.

दर जानेवारीत हे महाराष्ट्र मंडळाच्या बसने पानिपतला जातात आणि काला अंबच्या युद्धस्मारकापाशी भाषण करतात. दक्षिणेतून आलेले आणि परत न गेलेले वीर, इथे यांचा आवाज हमखास भरून येतो. माईक बरा असेल तर जरा जास्तच. यंदा शाल-श्रीफळ घेऊन घरी आले, आणि दारातूनच विचारलं, "निशिगंधाचे कंद काढलेस का?"

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही नर्सरीत गेलो. हे टोपलीतला एकेक कंद दाबून बघत होते, मुलाखतीला आलेले उमेदवार असावेत तसे. मी मधुमालतीच्या रोपापाशी थांबले.

"वेल? अगं, वेल भिंत धरतो."

"धरू दे की. भिंत आपलीच आहे."

"आणि निघायचं ठरलं तर?"

"कधी?"

हे नर्सरीवाल्याकडे वळले. "भैया, ये गमले में चलेगी?"

"चलेगी साहब, बिल्कुल चलेगी."

"मग घे," हे मला म्हणाले. एखादी फाईल मंजूर केल्यासारखे. "पण कुंडीतच. उचलून नेता आली पाहिजे."

मी कुंडी खिडकीखाली मातीवर ठेवली. उन्हाळाभर वेल रुसलेला होता. पावसाळ्यात मात्र त्याने खिडकीचं ग्रिल गाठलं आणि गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागले.

दिवाळीआधी सोसायटीचा रंगारी येणार म्हणून हे कुंडी सरकवायला गेले. कुंडी हलेना. मी खाली वाकून पाहिलं. तळाच्या भोकातून करंगळीएवढं मूळ बाहेर पडून सरळ जमिनीत गेलं होतं.

"काय अडकलंय गं?"

"काही नाही. माती ओली आहे, जड झालीय."

"पुण्याला नेताना दोन माणसं लागतील."

"लागतील."

हात झटकत हे आत गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ग्लॅडिओलस या वेळी पांढरे आणू या का?"

"आणा," मी म्हटलं, आणि वेलाला पाणी घातलं. थोडं कुंडीत, बरंचसं कुंडीबाहेर.