त्यांचा देव लावील त्यांचं भात

आम्ही पाडा सोडला तेव्हा आमचं भाताचं रोप तसंच उभं होतं. लावणीची वेळ उलटून गेलेलं, शेंड्याला पिवळं पडलेलं. काळीपिवळी जीप रस्त्याला लागली. आईनं मांडीवर भांड्यांचं बोचकं घेतलं होतं आणि बा मागं वळून रोपाकडं बघत होता. पाड्यातली सगळी दारं उघडी होती, पण दारात कोणी नव्हतं. एकटी जानकीआजी वळणावर झाडामागं थांबली होती. तिनं जीप थांबवली, खिडकीतून नागलीच्या भाकरी आत सारल्या आणि म्हणाली, "मी दिल्या म्हणून सांगू नको बरं कोणाला."

पेठच्या डोंगरात ज्यांनी आवणी, म्हणजे भाताची लावणी, केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. भात एकट्या घरानं लावून होत नाही. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. ही सावड मोडली की शेत मोडलं. आम्ही ख्रिस्ती प्रार्थनेला जायला लागलो, गावदेवाची वर्गणी देणं थांबवलं, आणि बैठक बसली. आमच्या बांधाला बांध लागून असलेला काशीकाका, बाचा लहानपणापासूनचा जोडीदार, तो उभा राहिला. म्हणाला, "यांच्या आवणीला कोणी जायाचं नाय. त्यांचा देव लावील त्यांचं भात." लोक हसले. आईही तिथंच होती.

कोणी मारलं नाही, घर जाळलं नाही. नुसतं आलं नाही कोणी. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी एकदा गुडघाभर चिखलात एकट्यानं उभं राहून बघावं.

नाशकात सातपूरला खोली मिळाली. खोलीमालकानं आधी आडनाव विचारलं, मग देव विचारला, मग डिपॉझिट वाढवलं. बा कंपनीत पॅकिंगला लागला, आई सोसायटीत स्वयंपाकाला. रविवारी गॅरेजच्या वरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भक्ती. माझं शिक्षण झालं आणि मी मजुरांच्या संघटनेत गेले. द्राक्षाच्या हंगामात नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्याच लोकांसाठी मी पत्रकं लिहिते. मागणी वर, कारण खाली, रडगाणं कुठंच नाही, असं मला शिकवलं. त्यातलं एक पत्रक मात्र मी कधी वाटलं नाही. ते काशीकाकावर होतं. त्याच्या त्या वाक्यानंच सुरू होत होतं. मागणी एकच होती: भर बैठकीत माफी. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, कायदा आहे त्याला. माझं काही चुकत होतं का? नव्हतं. आजही नाही.

बाला ते वाचून दाखवलं की तो म्हणायचा, "चांगलं लिव्हलंस." आणि उठून पाणी भरायला जायचा.

या पावसाळ्यात जानकीआजीचा फोन आला. काशीकाका बांधावरून घसरला, पाय प्लास्टरात. पोरं वापीला कंपनीत, त्यांना सुट्टी नाही. सावडही आता नावालाच उरली आहे, कारण निम्मा पाडा बाहेर. चिखल करून ठेवलाय, पण लावायला हात नाहीत. आजीनं या म्हणून सांगितलंच नाही. एवढंच म्हणाली, "काशीचं रोप पिवळं पडाय लागलं रं दगडू."

बानं फोन ठेवला आणि सुपरवायझरला लावला. सुट्टीसाठी.

मी भडकले. म्हटलं, "आधी माफी, मग आवणी. फुकट जाऊन त्यांना काय शिकवणार आपण? की कसंही वागा, ही माणसं येतातच?"

बा म्हणाला, "माफी मागंल तर लय बरं. पण रोप थांबत नाय, बाई. आपलं थांबलं होतं का?"

"तू विसरलास सगळं?"

"विसरतोय कसला! मी रोज सकाळी त्याला मनातनं सोडतो. दुपारपर्यंत परत धरलेला असतो. मंग परत सोडतो. आपण देवाकडं भाकर आजची मागतो ना? कालची शिळी कशाला चावत बसू?"

मी गेले ते मला हे पटलं म्हणून नाही. बाला तिथं कोणी गृहीत धरू नये म्हणून गेले. भक्तीतली चार माणसं आली, भक्ती घेणारे पाळकही आले, पँट वर करून. त्या रविवारची भक्ती चिखलातच झाली.

काशीकाका बांधावर खाट टाकून बसला होता. म्हातारा दिसत होता. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. बऱ्याच वेळानं तोंड उघडलं ते असं: "दगड्या, तुझी रांग अजून वाकडीच रं."

बा वाकलेलाच राहिला. "मंग ये की खाली. दाखव सरळ लावून."

"पाय दिसत नाय का तुला?"

"तोंड तर धड हाय ना? गप बस."

दोघंही हसले नाहीत. पलीकडच्या बांधावरून जानकीआजी सगळं ऐकत होती. ती पदर खोचून चिखलात उतरली आणि अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "काशी! बघ रं, त्यांचा देव आला तुझं भात लावाय!"

सगळ्यांचे हात थांबले. बाचेही. हे वाक्य कोणाचं होतं ते तिथं प्रत्येकाला आठवत होतं. मी काशीकाकाकडं रोखून बघत होते. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, परत ठेवला.

"आला खरा," तो म्हणाला.

एवढंच. माझ्या पत्रकातल्या मागणीत हे बसत नाही. त्याला माफी म्हणत नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पण आई, जिनं ते हसू ऐकलं होतं, तिनं मूठभर रोप उचललं आणि काशीकाकाच्या खाटेजवळची रांग लावायला घेतली. तिला माझ्या परवानगीची गरज नव्हती.

रोप उरलं. उरलेलं बांधावर ठेवायचं, ज्याला कमी पडलं त्यानं न्यायचं, ही तिथली रीत. काशीकाका म्हणाला, "दगडू, तुझ्याकडं ने." आमच्या खाचरात गवत माजलं होतं. बानं एक कोपरा उपटला, पायानं तुडवला आणि अंथरुणाएवढ्या जागेत भात लावलं. पिकलं तर पाखरं खातील. सोमवारी त्याची पहिली शिफ्ट होती.

बहिष्कारावरचं पत्रक मी छापणार आहे. ज्यांचं रोप अजून उभं आहे त्यांच्यासाठी. काशीकाकाचं नाव मात्र काढलं. त्याचं जे व्हायचं ते बानं आणि देवानं आपसात मिटवलं.

तुमच्यातले जे तिथंच आहेत, आणि जे माझ्यासारखे निघाले, ते सगळे विचारतात: मग आता घर कुठलं? परत जाणार का? नाही. आमचं घर सातपूरला आहे. पाण्याच्या टाकीवरून भांडणारं, गॅरेजच्या वर देवाला हाक मारणारं, आजचं घर. फक्त आता त्याला पाड्याकडची खिडकीही आहे, आणि ती मी बंद करून बसत नाही.

निघताना जीप त्याच वळणावर थांबली. जानकीआजी रस्त्याच्या मधोमध उभी होती. भाकरी आत दिल्या आणि मागं वळून, घराघरांकडं बघत म्हणाली, "आता सांग सगळ्यांना, जानकीनं दिल्या."

म्हणून सांगते आहे.