खंड्याचं चित्र लावणारा

सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली त्या वर्षी मी सकाळी ऑनलाइन पोकर खेळायचे. वाघोलीच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, पडद्यावर एकाच वेळी चार डाव मांडून. आई गेल्यावर बाबांना मी नागपूरहून माझ्याकडे आणलं होतं. पोस्टाच्या काउंटरवर त्यांची सगळी नोकरी झाली. सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना झाली, की चहाचा कप घेऊन ते माझ्या शेजारी बसायचे. बोलायचे जवळजवळ नाहीत.

एकदा त्यांनी विचारलं, चेहरा दिसत नाही तर समोरच्याच्या मनातलं कळतं कसं. मी सांगितलं, वेळेवरून. प्रत्येकाला विचार करायला काही सेकंद मिळतात. कोणी लगेच बटण दाबतो, कोणी शेवटच्या सेकंदापर्यंत थांबतो. कोणी पत्ते चांगले आले की चिप्स, म्हणजे पैशांच्या सोंगट्या, मुद्दाम थोड्याच सरकवतो, समोरचा पळू नये म्हणून. चार टेबलांवर इतक्या जणांच्या सवयी लक्षात राहत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहून ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पाठकोरे कागद शिवून वही केली आणि पडद्यावरचं डावीकडचं खालचं टेबल टिपांसाठी स्वतःकडे घेतलं. आठवड्याभरात त्यांच्या टिपा माझ्यापेक्षा बऱ्या झाल्या. ‘हा दोनदा हरला की तिसऱ्यांदा थापा मारतो.’ ‘ही बाई मधेच उठते, गॅसवर काहीतरी असावं.’ काउंटरच्या जाळीतून नुसते हात पाहून माणूस ओळखायची सवय होती, असं ते म्हणाले. कित्येक दिवसांत ते इतकं बोलले नव्हते.

त्या टेबलावर रोज अकराच्या सुमाराला एक जण यायचा. नावाशेजारी खंड्या पक्ष्याचं चित्र. कुठला, कोण, काही माहीत नाही. पण चिवट, पत्ते बरे नसले की निमूट डाव सोडायचा. बाबा त्याला मानायचे.

एका मंगळवारी तो आला आणि प्रत्येक डावाला सगळ्या चिप्स पुढे ढकलू लागला. क्षणाचाही विचार नाही. हरला की नव्या चिप्स घेऊन परत तेच. मला वाटलं, डोकं फिरलंय, आता नुसत्या चांगल्या पत्त्यांची वाट बघायची. दोन मोठे डाव मी जिंकले. तिसऱ्याला माझ्या हातात एक्क्यांची जोडी, सगळ्यात भारी पत्ते, आली आणि त्याने पुन्हा सगळं पुढे ढकललं.

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“हा चिडलेला नाही. हा मुद्दाम हरून राहिला आहे.”

मुद्दाम कोण हरतं, मी म्हटलं.

“तुझी आई गेली, तेव्हा मी कपाट रिकामं केलं. लग्नातला कोट, घड्याळ, रेडिओ. येईल त्याला देऊन टाकलं. लोकांना वाटलं, मोठा दानशूर झाला. मला फक्त हातात काही उरायला नको होतं.”

घड्याळ दुरुस्तीला टाकलंय, असं त्यांनी मला तेव्हा सांगितलं होतं, आणि मी ते खरं मानलं होतं. इतक्या अनोळखी माणसांच्या टिपा लिहीत होते मी, आणि शेजारी बसलेल्या बापाचं मला काही कळलं नव्हतं.

वेळ संपता संपता मी एक्के टाकून दिले.

“विचार त्याला, जेवला का,” बाबा म्हणाले.

चॅटमध्ये असलं कोणी विचारत नाही. मी इंग्रजीत टाइप केलं. मग उत्तर आलं, रविवारपासून नाही. त्यानंतर तो टेबलावरून उठून गेला.

मी उरलेली टेबलंही बंद केली. कुकर लावला. जेवताना बाबा आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल पहिल्यांदाच बोलले. भात गार झाला, तरी दोघांनीही तो संपवला.

तीनेक आठवड्यांनी खंड्या परत आला. पुन्हा तसाच सावकाश, पत्ते टाकत टाकत. मध्येच एका डावात त्याने थांबून, विचार करून मोठी बोली लावली. मला ती खरी वाटली. मी डाव सोडला. त्याने पत्ते उघडून दाखवले. हातात काहीच नव्हतं.

बाबा मोठ्याने हसले.

“तुम्हाला कळलं होतं ना?” मी विचारलं.

“कळलं होतं,” ते म्हणाले. “घेऊ दे त्याला एक डाव.”