जळक्या तेलाची राखण

आमची काहील एवढी मोठी होती की तिच्यात एक म्हैस पोहली असती आणि दुसरी काठावर बसून तिला हसली असती. माहेरी हे सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "म्हैस हसते होय?" म्हटलं, आमच्या साबणाच्या वाफेत तासभर उभा राहा, तुला दगड हसताना दिसेल.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी पंचवटीच्या पलीकडच्या मळ्यात आले. मळा चुलत सासऱ्यांचा. त्याच्या कडेला आमची पत्र्याची शेड, शेडमध्ये ती काहील, आणि शेडच्या मागे दोन खोल्यांत आमचा संसार. काहिलीत धुण्याचा साबण शिजायचा, पिवळा, विटेसारखा. फरशीवर आपटला तर फरशीला तडा जायचा. तो व्हायचा जळक्या तेलाचा. हॉटेलात वडे-भजी तळून तळून जे तेल डांबरासारखं काळं होतं, ते माझे यजमान तीनचाकी टेम्पोतून गोळा करून आणत. आमचे रिकामे डबे हॉटेलांच्या मागच्या दाराशी ठेवलेले असत. तेव्हा शेठलोक हात जोडायचे. "न्या बाबा. गटारीत ओतलं की गटार तुंबते, आणि गटार तुंबली की मुकादम महिनाभर फुकट मिसळ खातो."

सासरे गेले, त्यांच्या दहाव्याला घाटावर चार माणसांसमोर चुलत सासरे सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, जवर काहिलीखाली जाळ हाय तवर शेड तुमची, खोल्या तुमच्या. जाळ विझला की जागा माझी." कागद नाही, काही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनीही डोलावली. नाशकातलं जळकं तेल कधी संपेल, असं कुणाला वाटणार?

पुढे दोन हजार साल उलटलं आणि शहराभोवतीच्या मळ्यांची लॉन्स व्हायला लागली. जिथे कोबी उगवायचा तिथे नवरदेव उगवू लागले. चुलत सासरे रोज सकाळी तोंडात मिश्री धरून बांधावर उभे राहायचे आणि आमच्या धुराड्याकडे बघायचे. लोक सूर्याला नमस्कार करतात, ते धुराड्याला करायचे. फक्त मागणं उलटं होतं.

आणि नेमकं तेव्हाच तेल गायब व्हायला लागलं. यजमान टेम्पो घेऊन जायचे तर डबे जागच्या जागी आणि आत काही नाही, तळ चाटल्यासारखा. आमच्या आधी कुणीतरी येऊन जायचं. कळलं ते असं की हे तेल फडक्यातून गाळायचं, त्यात थोडं ताजं मिसळायचं आणि भज्यांच्या गाड्यांना विकायचं. म्हणजे ज्याचा आम्ही साबण करायचो ते थेट लोकांच्या पोटात. पोटं आतून स्वच्छ निघाली असतील म्हणा, पण आमची काहील उपाशी.

मी चौकीवर गेले. हवालदार भला माणूस होता, चहा मागवला.

"काय चोरीला गेलं?"

"तेल. जळकं."

"तुमच्या घरातलं?"

"हॉटेलांच्या मागचं."

"मग हॉटेलवाले येऊ द्या."

"ते कशाला येतील? त्यांनी टाकूनच दिलं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "टाकलं त्यांनी, नेलं तिसऱ्याने, आणि रडताय तुम्ही. ताई, उद्या तुमच्या उकिरड्यावरचं शेण कुणी नेलं, तर मी म्हशीचा जबाब घेऊ का?"

महापालिकेला मात्र पटलं. आरोग्य खात्याच्या साहेबांनी हॉटेलवाल्यांना एकत्र बोलावलं, आम्हीही मागे जाऊन उभे राहिलो. यापुढे जळकं तेल उघड्यावर ठेवायचं नाही, त्यात निळा रंग ओतायचा म्हणजे पुन्हा तळणाला चालणार नाही, आणि द्यायचं ते फक्त परवाना असलेल्याला. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर साहेब म्हणाले, "परवान्याला जागेचा कागद लागेल." तो कागद बांधावर मिश्री लावत उभा होता.

सासूबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी काहिलीत नुसतं पाणी भरलं आणि खाली ओली गोणपाटं पेटवली. धूर असा उठला की सिन्नरकडच्या बायकांनी म्हणे वाळवणं घरात घेतली. बांधावरून हाक आली, "वहिनी, आज साबणाचा वास नाय येत."

"सर्दी झाली असंल, भाऊजी. काढा घ्या."

पण गोणपाटावर किती दिवस काढणार? साहेबांचा नियम अजून कागदावरच होता, आमचे डबे हॉटेलांमागे तसेच उघड्यावर होते. मग त्यांच्या डोक्यात उतारा आला. माणूस पोलिसाला भीत नाही, कुत्र्याला भीत नाही, पण पत्रावळीत दहीभात, कुंकू लावलेलं लिंबू, काळी बाहुली आणि नारळ दिसला की रस्ता बदलतो. आम्ही दोघींनी एका संध्याकाळी हॉटेलांच्या मागे डब्या-डब्यावर उतारे मांडले. सासूबाई दर डब्यापाशी काहीतरी पुटपुटायच्या. मी कान दिला तर भाजीचे भाव.

सकाळी एका हॉटेलचा आचारी तांदळाच्या पोत्यांवर चढून बसला होता, तो दुपारपर्यंत उतरला नाही. भांडी घासणारा विंचूरला गावी पळाला, तो थेट लग्न करूनच परतला. शेठचा फोन आला, "तुमचे डबे उचला. आणि तुमची करणी पण." एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा; अख्ख्या नाशकात आम्हाला कुणी मागच्या दारी उभं करेना. आणि ज्याच्यासाठी एवढं मांडलं, तो तेल तर घेऊन गेलाच, नारळही खाऊन गेला. करवंट्या डब्यावर नीट पालथ्या घातलेल्या.

त्या आठवड्यात काहिलीखालचा जाळ विझला. सासूबाई राखेत हात घालून बसल्या होत्या, अजून ऊब आहे का बघत. दुसऱ्या दिवशी चुलत सासरे मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीच्या हातात मोजायची फीत. सासूबाईंनी शिल्लक राहिलेला उतारा काहिलीच्या काठावर मांडून ठेवला होता.

दारातच त्यांचा पाय अडला. "वहिनी, हे काय?"

"तुमच्यासाठी नाय ते. काहिलीत कुणीतरी हाय, रातचं ढवळतं. तुम्ही या ना आत."

मिस्त्री फीत गुंडाळत केव्हाच बांधापलीकडे पोचला होता. चुलत सासरे म्हणाले, "अवस जाऊ द्या, मग बघू."

पण पहाटे काठावरचा नारळ नाही. उंबऱ्यावर दोन करवंट्या, पालथ्या. आम्ही उचलून आणलेल्या डब्यांचा माग काढत तो तेलचोर आमच्यापर्यंत पोचला होता. आता उताऱ्याचा नारळ कुणीतरी खातं हे बांधावरून दिसलं, तर सगळीच भीती संपली. म्हणून रोज उजाडायच्या आत नवा नारळ. आमच्या कालवणात खोबरं नव्हतं, चोराच्या पोटात होतं.

एका पहाटे सासूबाई काहिलीमागे दबा धरून बसल्या, मी त्यांच्यामागे. आला तो काडीसारखा माणूस, सायकलला दुधाच्या दोन किटल्या. बोलण्यावरून सटाण्याकडचा असावा. आम्हाला बघून पळाला नाही, हातातला तुकडा चघळत राहिला.

"मावशी, नारय गोड शे."

"भ्या नाय वाटत तुला?"

"भूक लागनी का भूतबी भाऊच शे."

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तेल हितं आण. भज्याच्या गाडीवाले देतात तेच देईन. नारळ वरून."

आमच्याच हॉटेलांमागचं तेल, आमच्याच चोराकडून, आम्ही चोरून घ्यायला लागलो. चौकीवर आता जायची सोय नव्हती. पण जाळ पेटला, काहील खदखदली. बांधावर चुलत सासऱ्यांनी श्वास ओढला, तोंड कडू झालं त्यांचं. "वहिनी, सर्दी गेली माझी."

पुढे तेल निळं यायला लागलं, साबणही निळा झाला. सासूबाईंनी तो सिन्नरच्या बाजारात "नीळ घातलेला साबण" म्हणून विकला. बायका परत परत मागायच्या. त्या दिवसांत मला वाटायचं, आपण तरलो.

मग परवानेवाल्यांची गाडी फिरू लागली. हॉटेलांमागे लोखंडी पिंजरे, पिंजऱ्यांना कुलपं. किटल्या अर्ध्या यायला लागल्या, मग तळाशी. आम्ही जाळ बारीक केला, इतका बारीक की धूर हाताने वर ढकलावा लागेल. सासूबाई रोज संध्याकाळी काठावर नारळ ठेवायच्या आणि पहाटे आधी तोच बघायच्या.

एका पहाटे नारळ जसाच्या तसा होता. दुसऱ्या पहाटेही. त्याला पकडलं, की तो दुसऱ्या गावी गेला, की आजारी पडला, आम्हाला कधीच कळलं नाही. त्याचं नावही आम्ही विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी गोणपाटं ओढून आणली तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे."

उजाडल्यावर त्यांनी तो नारळ काहिलीच्या काठावर आपटून फोडला. एक भकल माझ्या हातात दिली.

"आई, उताऱ्याचा आहे."

"खा. आता भ्यायला काय उरलंय आपल्यापाशी?"

आम्ही थंड काहिलीला टेकून खोबरं खात बसलो. चोर खोटं बोलला नव्हता. तेवढ्यात धूर नाही बघून चुलत सासरे बांध उतरून आले, मागे मिस्त्री. सासूबाईंनी उरलेला तुकडा त्यांच्यापुढे धरला. "घ्या भाऊजी, गोड हाय."

त्यांनी हात मागे घेतला. जागा घेतली, नारळ नाही घेतला.