कागदाची मागची बाजू

अंगारकीच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मी नवऱ्याला इन्सुलिन टोचलं. त्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही. दुपारी अडीच वाजता त्यांना रुग्णालयात नेलं. शुक्रवारी ते गेले.

त्याच्या आदल्या शुक्रवारी आम्ही त्याच रुग्णालयातून घरी आलो होतो. पायाची जखम चिघळली आणि साखर फार वाढली म्हणून त्यांना आठ दिवस ठेवून घेतलं होतं. जखम भरत आली होती. गोळ्यांऐवजी आता रोज दोन वेळा इन्सुलिन, एवढाच काय तो बदल, असं मी रहाटणीतल्या शेजारणींना सांगत होते.

वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर महाळुंग्याचे एक शेतकरी होते. शेतजमीन कंपन्यांत गेलेली, पण माणूस शेतकरीच. त्यांनाही साखर, त्यांनाही नवीनच इन्सुलिन. त्यांची बायको दिवसभर खाटेच्या पायथ्याशी पाय वर घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही विचारायची. सलाईन कशाचं, गोळी कशाची, डॉक्टर गेले कुठे. मी शाळेतली ग्रंथपाल, नुकतीच निवृत्त झालेली. खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचे आणि कोणाला त्रास द्यायचे नाही. हा माझा गुण आहे असं मला वाटत असे.

"तुमी कायच कसं इचारत न्हाई ओ?" ती एकदा म्हणाली. "नुसती मान हालवताय. आमच्या नंदीबैलावानी."

मी हसले. तीही हसली. तिच्या नवऱ्याने डोळे मिटल्या मिटल्या सांगितलं, "त्या शिकलेल्या हायेत. त्यांना कळतंय."

डिस्चार्ज दोघांनाही एकाच दिवशी मिळाला. त्या पाळीला एकच सिस्टर होती आणि तिच्याकडे आमचा आणि पलीकडचा असे दोन वॉर्ड होते. लातूरकडची मुलगी, बोलण्यात तिकडचा हेल. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नसावा. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. इंजेक्शनचं पेन कसं धरायचं, आकडा कसा फिरवायचा, कुठे टोचायचं हे तिने एकदा दाखवलं. मी लगेच करून दाखवलं.

"बघा, एकदाच सांगितलं अन् जमलं," ती म्हणाली. "मॅडम, बाकीचं ह्याच्यात सगळं लिहिलंय. मराठीतले कागद संपलेत, पण तुम्हाला इंग्रजी चालतंय ना? तुमच्यासारख्यांना काय सांगायचं."

शेवटचं वाक्य मला आवडलं. हे मी लिहून ठेवते, कारण इतर कोणाजवळ बोलले नाही. ते आवडलं म्हणून मी काही विचारलं नाही. तिने दुसरा एक छापील अर्ज पुढे केला. आजार, औषधं, आहार, धोक्याची लक्षणं. चार ओळी, चार चौकटी. चारही चौकटींत तिने आधीच खुणा केल्या होत्या. खाली लिहिलं होतं की हे सर्व मला समजेल अशा भाषेत सांगण्यात आलं. मी सही केली. माझी सही वळणदार आहे.

मग ती शेजारच्या खाटेकडे गेली आणि तिने मधला पडदा ओढला.

"मला वाचता न्हाई येत, बाई," ती बाई म्हणाली. "कागद नगं देऊस. तू सांग."

"सांगते, मावशी. पण मी सांगितल्यावर तुम्ही मला सांगायचं. चुकलात तर घरी सोडणार नाही."

"मंग राहतो की हितंच. जेवण बरं हाय तुमचं."

एवढं मी ऐकलं. पुढे सिस्टर काहीतरी सांगत होती, मध्येच थांबवून विचारत होती, ती बाई चुकत होती, दोघी हसत होत्या. आमची गाडी यायला वेळ होता. मी पुस्तक उघडलं आणि खुणेच्या पानापासून पुढे वाचायला लागले. माझ्यापासून ते बोलणं चार हातांवर होतं.

घरी आल्यावर मी तो इंग्रजी कागद फ्रिजच्या दारावर लावला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, कडा सरळ. तीस वर्षं पुस्तकांना नंबर चिकटवलेत, तेवढं तर येतंच. पुढच्या बाजूला आहाराचा तक्ता होता, काय चालेल आणि काय बंद. मी तो दोनदा वाचला आणि पाठ केला. मागेही काही छापलेलं होतं. रुग्णालयाचे नियम, भेटीच्या वेळा असं काही असेल, अशी माझी समजूत झाली. ती बाजू दाराला चिकटली.

अंगारकीला माझे यजमान उपास करणार, याबद्दल मला शंका नव्हती. चाकणच्या कंपनीत असताना सेकंड शिफ्टलाही करायचे आणि रात्री घरी येऊन सोडायचे. एरवी उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, केळं असे. ह्या वेळी तक्त्यात ते सगळंच बंद होतं. मी एकेक पदार्थावर बोट ठेवून त्यांना दाखवलं.

"म्हणजे भाकरी उपासाने बंद आणि खिचडी तुझ्या कागदाने," ते म्हणाले. "चला, ह्या वेळी खरा उपास घडेल."

मलाही ते बरं वाटलं. साखर वाढलेल्या माणसाने एक दिवस खाल्लं नाही तर साखर उतरेलच, हा माझा हिशोब. इन्सुलिनची वेळ मात्र चुकवायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चुकवली नाही.

अकराच्या सुमाराला त्यांच्या कपाळावर घाम आला. पंखा चालू होता. हात थरथरत होते. ते म्हणाले, "अर्धा कप चहा दे ना. साखर घालून."

"अहो, चारच दिवस झाले घरी येऊन. साखर काय मागताय?"

"चमचाभर गं."

"मुळीच नाही. लहान आहात का?"

"ग्रंथपाल बाईंपुढे कोणाचं चालतं," ते म्हणाले आणि हसले. मी बिनसाखरेचा चहा केला. त्यांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कंपनीची बस गेली का?" मला वाटलं, डोळा लागला होता, स्वप्नात असतील. मी त्यांच्या अंगावर चादर घातली. झोपले आहेत म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. भांड्यांचा आवाज नको.

दोन वाजता हाक मारली तर ते उठले नाहीत.

तातडीच्या विभागातल्या सिस्टरने त्यांच्या बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि धावत जाऊन ग्लुकोज आणलं. डॉक्टरांनी मला विचारलं, इन्सुलिन दिलं होतं का, खाल्लं काय होतं. मी सांगितलं. ते तरुण होते, आवाज चढवला नाही. "घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं तर लगेच साखर द्यायची. न खाता इन्सुलिन द्यायचं नाही. हे सांगितलं होतं ना तुम्हाला?" त्यांनी फाइल उघडली आणि तो अर्ज माझ्याकडे वळवला. "ही सही कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

साखर वर आली, पण ते जागे झाले नाहीत.

महिन्याभराने मी कागदपत्रांसाठी तिथे गेले. वाटेत कासारवाडीपासूनच परत फिरावंसं वाटत होतं. तळमजल्यावर बाकावर महाळुंग्याचे ते दोघं बसलेले दिसले. तिने मला आधी ओळखलं आणि मग माझं कपाळ पाहिलं. सरकून जागा केली. मी तिला विचारलं, त्या दिवशी पडद्यामागे सिस्टरने काय सांगितलं होतं. तिने सगळं म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलीसारखं, एका दमात. मग पदराची गाठ सोडून साखरेची पुडी दाखवली.

"दोनदा लागली ह्यांना," ती म्हणाली. "सिस्टर बोलली, झोपला असं समजायचं न्हाई. आधी हालवून बघायचं."

तिचा नवरा खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. सिस्टरबद्दल विचारलं, तर ती नोकरी सोडून गावी गेली होती. तिच्यावर राग धरण्याचा मी बरेच दिवस प्रयत्न केला. जमत नाही. विचारणारीला तिने सांगितलं.

घरी येऊन मी फ्रिजवरचा कागद सोडवला. कोपरे फाटले. मागे सात ओळी होत्या, मोठ्या अक्षरांत, चौकटीत. त्या आता मला पाठ आहेत. घरात त्या कामाला येतील असं कोणी नाही.