कावीच्या भिंतीवर गुलाबी टाइल्स

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

पुण्याहून आलेल्या मैत्रिणीला म्हटलं, संग्रहालयं पुरे, चल, आमच्या पेडण्यातलं देऊळ दाखवते. तिथल्या भिंतीवर कावीची चित्रं होती. पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून काढलेले हत्ती, मोर, वेली.

होती म्हणतेय, कारण आज तिथे टाइल्स आहेत. गुलाबी. न्हाणीघरात लावतात तसल्या!

देवळाच्या समितीवरचे बाबलीकाका खुशीत म्हणाले, "जत्रेआधी काम पुरा केला गो! दर पावसात पोपडे पडत. आता ओलो फडको मारलो की झाला."

"आणि चित्रं, काका?"

"ती आसत मगे आत. जातली खंय?"

आत म्हणजे सिमेंटखाली. आणि सिमेंट नीट धरावं म्हणून सगळी भिंत आधी छिन्नीने टोचून काढलेली!

वर संगमरवरावर देणगीदाराचं नाव, सोनेरी अक्षरांत. ज्याने ते हत्ती काढले, त्याने आपलं नाव कुठेच घातलं नव्हतं.

जत्रा तुमच्याही गावात आहे ना? मग देवळात यंदा काय बसवताहेत, विचारलंत का कुणी?